रबाळे एमआयडीसीतला वेल्डिंग क्लास: शिकवतात झकास, फक्त काउंटरवरच्या गप्पांना भुलू नका

भाच्याला आयटीआयनंतर इथे टाकलाय, फी मीच भरतोय म्हणून लिहितो. शिकवणं एक नंबर. प्रत्येकाला वेगळा बूथ, रॉडची कंजुषी नाही, आणि बेंड टेस्ट सगळ्यांसमोर घेतात, प्रेसमध्ये पट्टी वाकवली आणि रूटला, म्हणजे जोडाच्या तळाला, केसाएवढी जरी चीर दिसली तरी सर काही न बोलता नवीन प्लेट हातात देतात, कर परत. ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरचं वेल्डिंग, मारून मारून पोराच्या शर्टाची चाळणी झालीये, ताई वैतागलीये, पण हात बसलाय हे नक्की.

एक स्टार कापला तो ॲडमिशनच्या काउंटरसाठी. तिथे सगळ्यांना एकच टेप लावतात, कोरियात शिपयार्डला माणसं हवीत, जहाजं काय बंद होणारेत का. अहो जहाजं बंद होत नाहीत, ऑर्डरी बंद होतात! ज्या यार्डाचं गिऱ्हाईकच परदेशात, तिथे जगभरात मालवाहतुकीचे दर पडले की नवीन जहाज सांगणार कोण? बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, मे २००८ ला ११ हजारांच्या वर होता, डिसेंबरात ७०० च्या खाली. आणि ते लगेच जाणवतही नाही कारण जहाज बांधायलाच दोन-तीन वर्षं जातात, जुन्या ऑर्डरींवर यार्ड जोरात चालू दिसतं आणि मग एकदम शुकशुकाट. २०१६ ला कोरियात ऑर्डरी आटल्या, पुढच्या जुलैत ह्युंदाईने गुन्सानचं यार्डच बंद केलं, घरी गेले त्यात जास्त ठेकेदारांची माणसं. २०२२ ला परत काम सुरू झालं म्हणे, पण पाच वर्षं हप्ते कोण भरणार? लांब कशाला, आपल्या दाभोळला भारती शिपयार्ड युरोपातल्या ऑर्डरी घेत होतं, २००७ ला सरकारी सबसिडीची मुदत संपली, पाठोपाठ मंदी, कर्ज डोक्यावर, शेवटी २०१९ ला लिक्विडेशन, म्हणजे कंपनीच मोडीत.

सर स्वतः हे पोरांना सांगतात, काउंटरवाले सांगत नाहीत. म्हणून नुसती प्लेटची बॅच घेऊ नका, थोडे जास्त पैसे गेले तरी ६जी पाइप (४५ अंशात तिरका पक्का धरलेला पाइप चहूबाजूंनी जोडायचा) घ्याच, बॉयलर, रिफायनरी, कुठेही चालतो. प्लेसमेंटवाल्यांना थेट विचारा, कंपनी कुठली, ठेकेदार कोण, काँट्रॅक्ट किती महिन्यांचं. दुपारची बॅच टाळा, पत्र्याखाली भट्टी होते.