शाळेची खरेदी: आपल्या वेळचं घ्यायचं की आताचं?

जूनच्या तोंडावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शाळेचं सामान घ्यायला गेलं की आईबाबांचाच हात आधी पाटीवर नि पत्र्याच्या कंपासपेटीवर जातो, आणि पोरगं बटणवाल्या पेन्सिल बॉक्सकडे बोट दाखवत असतं. कोऱ्या वह्यांचा वास मलाही फार आवडतो, त्यामुळे हे वाटणं चुकीचं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, फक्त वर्षभर ती वस्तू वापरणार पोर आहे म्हणून जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघूया.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दगडी पाटी की एलसीडी रायटिंग पॅड यावर. पॅडला धूळ नाही, पडलं तरी सहसा फुटत नाही, आतला छोटा सेल फक्त पुसायला लागतो, लिहायला नाही, कारण दाब पडला की आतल्या लिक्विड क्रिस्टलची रचना बदलते आणि रेघ दिसते. पण साध्या स्वस्त पॅडचं बटण दाबलं की सगळंच जातं, म्हणजे ‘ळ’चं एक वेटोळं बिघडलं तर तेवढंच पुसून परत काढता येत नाही, आणि अक्षर शिकताना नेमकं तेच तर करायचं असतं ना! शिवाय पॅड गुळगुळीत, हात सुळकन घसरतो. पाटीवर पेन्सिल जराशी अडते त्यामुळे हात आवरून चालतो, आणि मण्यांची पाटी मिळाली तर मोजणीही होते. म्हणून अक्षरं गिरवायच्या वयाला मी घरात पाटीच देईन, पॅड प्रवासात. पाटीवरची पेन्सिल खायची सवय मात्र लागू देऊ नका, आपण खाल्ली म्हणून पोरांनी खायला पाहिजे असं काही नाही.

कंपासपेटीचं उत्तर वयावर आहे. कॅमलिन १९३१ पासूनची, त्यामुळे आजोबांपासून सगळ्यांच्याच आठवणीत त्यांचं काही ना काही असतंच, पण पहिली-दुसरीच्या पोराला कर्कटक नि गुण्ये काय करायचेत? त्याला दोन पेन्सिली, रबर, शार्पनर आणि साधी कापडी पाऊच बास. बटणं-मॅग्नेटवाला बॉक्स तर नकोच, तासाला पोर त्याच्याशीच खेळत बसतं. भूमिती सुरू झाली की पत्र्याची पेटी घ्या, आणि ब्रँडपेक्षा वर्तुळ काढायच्या कंपासचा स्क्रू बघा, दुकानातच एक वर्तुळ काढून बघा, सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर दुसरी मागा.

दप्तरात मला जुन्याचं काही कौतुक नाही, एका खांद्यावरची खाकी पिशवी फोटोत छान दिसते पण सगळा भार एकीकडेच येतो. दोन रुंद पट्टे, पाठीला मऊ गादी, आणि बॅग रिकामी असताना हलकी. २०२० च्या केंद्राच्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावं असं आहे, म्हणजे २० किलोच्या पोराला २ किलो, आणि अर्ध्या लिटरची भरलेली बाटलीच अर्धा किलो घेते, तर रिकाम्या बॅगेचं वजन किती महत्त्वाचं ते बघा.

डबा स्टीलचाच, लोणच्याचा डागही नाही नि वासही नाही. क्लिपवाला घेतलात तर झाकण पोराला दुकानातच उघडायला लावा.

कव्हरं खाकी कागदाची की प्लॅस्टिकची? कोकणात, मुंबईत पावसाळाभर प्लॅस्टिक टिकतं हे खरं, पण सगळे मिळून खाकी कव्हरं घालतो, लेबलवर पोर स्वतःचं नाव लिहितं, ती संध्याकाळ मला फार मोलाची वाटते. त्यामुळे वह्यांना खाकी आणि रोज न्यायच्या पुस्तकांना प्लॅस्टिक असं करा.

राहिलं शाईपेन. आधी शाळेला विचारा, बऱ्याच ठिकाणी चौथीपर्यंत पेन्सिलच चालते. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, शाईपेन दाबावं लागत नाही म्हणून खूप लिहिणाऱ्या मोठ्या मुलांचा हात कमी दुखतो, पण डावखुऱ्या पोराचा हात ओल्या ओळीवरून जातो आणि सगळं फिसकटतं, त्याला बॉलपेनच बरं. घेतलंत तर धुतल्यावर निघणारी निळी शाई घ्या, बाटली घरीच ठेवा, पेन भरायला पोरालाच शिकवा आणि मधूनमधून साध्या पाण्याने धुवून घ्या, नाहीतर सुट्टीत शाई आत वाळून बसते.