लाँग मेलफर्ड की लॅव्हनम?

लंडनहून एका दिवसात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात जाऊन यायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. दोन्ही गावांत जेमतेम पाचेक मैलांचं अंतर. दोन्ही पंधराव्या शतकात लोकरीच्या कापडावर गब्बर झालेली, आणि दोन्हीकडे त्याच पैशातून उभं राहिलेलं, गावाच्या मानाने अवाढव्य चर्च. स्वतःची गाडी असेल तर दोन्ही गावांना पाय लावून येता येतं. पण सोबत घरची वडीलधारी माणसं असतील, आणि मधे एक जेवण नि दोन चहा धरले, तर एकच गाव नीट होतं. मी दोन्हीकडे सासू-सासऱ्यांना घेऊन गेले आहे. माझा कौल आधीच सांगते: चर्चसाठी मेलफर्ड, पोटासाठी लॅव्हनम.

रेल्वेने जायचं तर लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून मार्क्स टे आणि तिथे गाडी बदलून सडबरी. सडबरीहून मेलफर्ड साधारण तीन मैल, लॅव्हनम सात. रविवारी बसच्या भरवशावर निघू नका.

मेलफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चला आत शिरण्याआधी बाहेरून एक चक्कर मारा. फ्लिंटच्या, म्हणजे गारेच्या दगडाच्या, भिंतींवर दगडात बसवलेली लांबच लांब अक्षरं आहेत: कुणी पैसे दिले, कुणाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं ना, तोच प्रकार, फक्त पाचशे वर्षं जुना. यातलं मोठं नाव कापडव्यापारातल्या जॉन क्लॉप्टनचं. आत उत्तरेकडच्या खिडक्यांत मध्ययुगीन रंगीत काचा आहेत. गुडघे टेकलेल्या उमरावांच्या बायका, डोक्यावर फुलपाखरासारखी पसरलेली शिरोभूषणं. आणि उत्तरेच्या दाराच्या वर एका छोट्या गोल काचेत तीन ससे. गोल धावणारे, तिघांत मिळून कान तीनच, तरी प्रत्येकाला दोन दिसतात. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा, नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात खांबावर एकाच डोक्याची चार हरणं आहेत, त्यांची आठवण मला तिथेच झाली.

मागच्या बाजूला लेडी चॅपल, म्हणजे मेरीमातेचं छोटं प्रार्थनाघर, आहे. तिथे पुढे शाळा भरत असे, त्यामुळे भिंतीवर चक्क पाढ्यांचा तक्ता. निवृत्त मास्तर असलेल्या आमच्या सासऱ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून पावकी-निमकी म्हणून दाखवली. तेवढ्यासाठी मी हे चर्च शंभर वेळा पाहीन. मनोरा मात्र नवा: जुना वीज पडून गेला, आताचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा.

लॅव्हनमचं उलट. तिथे मनोराच सगळं काही आहे. १४१ फूट उंच, दूरच्या रस्त्यावरूनही दिसतो. चर्चला पैसा दोघांचा: ऑक्सफर्डचा तेरावा अर्ल (म्हणजे बडा उमराव) जॉन डी व्हेअर आणि कापडाचा व्यापारी थॉमस स्प्रिंग. अर्लची खूण म्हणजे तारा, तो दगडात जागोजागी कोरलेला सापडतो. पोरं बरोबर असतील तर तारे मोजायला लावा, अर्धा तास निश्चिंत. या अर्लचे वडील १४६२ साली राजद्रोहाच्या आरोपावरून मारले गेले. त्याच प्रकरणात मेलफर्डचा क्लॉप्टनही पकडला गेला होता, पण तो वाचला. आत मात्र मेलफर्डसारखं थांबून पाहण्याजोगं कमी, पाऊण तासात आटपतं.

मग लोक लॅव्हनमला का धावतात? वाकड्या घरांसाठी. सोळाव्या शतकात कापडाचा धंदा बसला, नवी घरं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनी लाकडी घरं तशीच राहिली. मार्केट प्लेसवरचं गिल्डहॉल, म्हणजे जुन्या संघाचं सभागृह, वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिथे चहा आणि स्कोन (छोटा गोडसर पाव) मिळतो. ‘द स्वान’ हॉटेलच्या जुन्या बारमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांच्या सह्या भिंतीवर जपल्या आहेत. खाण्याची ठिकाणं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एकीकडे जागा नसली तरी पंचाईत होत नाही. मेलफर्डलाही ‘द बुल’ हॉटेल आहे, मूळचा लोकरव्यापाऱ्याचा वाडा, पण गाव एका लांबलचक रस्त्यावर पसरलेलं. चर्च वरच्या टोकाला, बहुतेक खानावळी खाली. गुडघे दुखणाऱ्यांना ते अंतर जाणवतं. लॅव्हनमलाही चढ आहेच, पण छोटा.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे एकच दक्षता. एका पबमध्ये आम्ही निर्धास्तपणे भाजीचं सूप मागवलं आणि अर्धं संपल्यावर कळलं की ते कोंबडीच्या रश्शात केलंय. सासूबाई त्या दिवशी पुढे काही जेवल्याच नाहीत. तेव्हा सूप आणि ग्रेव्ही कशात केली, चिप्स कशात तळल्या, हे तीन प्रश्न आधी विचारा. भाजलेला बटाटा, वर चीज आणि बीन्स, हा सहसा खात्रीचा. स्कोनवर अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. आणि बऱ्याच पबांची चूल दुपारी अडीचच्या आसपास बंद होते, मग केक आणि चहाच.

मेलफर्ड निवडलंत तर थालीपिठं न्या. चर्चच्या खाली मोठं हिरवं मैदान आहे. आम्ही दुसऱ्या खेपेला तिथेच डबा उघडला.