सहाव्या वर्षीची दाढ: सीलंट की फ्लोराइड व्हार्निश?

साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडलेला नसल्यामुळे ती दुधाचीच असावी असे समजून अनेक पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि आयुष्यभर पुरायची दाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच किडू लागते. याचे मला फार वाईट वाटते, कारण ही कीड बहुतेक वेळा टाळता येते.

या दाढेच्या वरच्या बाजूला असलेल्या खाचांपैकी काही इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही त्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे साचलेल्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या थरातली, खनिजे विरघळू लागतात.

सीलंट या खाचाच बुजवून टाकते. दाढ स्वच्छ करून तिच्यावर काही सेकंद आम्लाचा जेल लावतात, धुऊन कोरडी केल्यावर ती खडूसारखी पांढुरकी दिसते, मग पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने कडक करतात. सुई नाही, कोरणे नाही. मात्र रेझिन भरताना लाळेचा स्पर्श झाला तर ते नीट चिकटत नाही. त्यामुळे अर्धवट उगवलेल्या, हिरडीने निम्म्या झाकलेल्या दाढेवर आणि तोंड उघडे ठेवू न शकणाऱ्या मुलावर ते फसते. शिवाय सीलंट झिजते, क्वचित त्याचा तुकडा निघतो, म्हणून प्रत्येक तपासणीत ते पाहून घ्यावे लागते.

व्हार्निश म्हणजे इनॅमल बळकट करणाऱ्या फ्लोराइडचा चिकट लेप; तो ब्रशने लावला जातो आणि त्याला किंचित ओल चालते. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे सुमारे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते. नेहमीच्या फ्लोराइड टूथपेस्टमध्ये ते १,००० ते १,५०० असते. व्हार्निश सगळ्या दातांना लावता येते, दोन दातांमधल्या कडांनाही लाभते, पण दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते आणि खोल खाच खोलच राहते.

म्हणून दाढ पूर्ण उगवलेली, खाचा खोल आणि मूल स्थिर बसणारे असेल, तर मी आधी सीलंट निवडेन. दाढ अर्धवट बाहेर असेल किंवा हिरडीलगत पांढुरके डाग दिसत असतील, तर व्हार्निश आधी. असे डाग खड्डा पडण्यापूर्वीचे असल्यामुळे भरून येऊ शकतात. दोन्ही करण्यासही हरकत नाही.

यांपैकी काहीही केले तरी रोज दोनदा ब्रश करणे सुटत नाही. उगवती दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली असल्यामुळे सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती दाढ पालकांनी स्वतः, वेगळी घासावी.