दुसऱ्या रकान्याची गोष्ट: ऐकावा का हा ऑडिओ कोर्स?

तीस वर्षं आयातीची कागदपत्रं भरण्यात गेली, म्हणून अमेरिकी व्यापार कायद्यातल्या जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्तीवरचा हा सहा भागांचा कोर्स घेतला. पहिला भाग सोडलात तरी बिघडत नाही. निक्सन, ब्रेझनेव्ह, सगळं पाठ्यपुस्तकी सुरात.

दुसऱ्यापासून कान टवकारले. ऑगस्ट १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडणाऱ्या उच्चशिक्षितांवर कर बसवला, हजारो रूबलचा. फटका मुख्यतः ज्यूंना. सिनेटर हेन्री जॅक्सन आणि प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांनी व्यापाराला अट घातली: माणसं जाऊ द्या, तर शुल्कात सवलत. या सवलतीचं नाव 'एमएफएन', म्हणजे 'मोस्ट फेवर्ड नेशन'. पण ती खास मेहेरबानी नव्हे, जवळजवळ सगळ्यांना मिळणारा साधा दर. तो नाकारला की माल टॅरिफच्या, म्हणजे अमेरिकी आयातशुल्काच्या तक्त्याच्या, दुसऱ्या रकान्यात, १९३० च्या चढ्या दरांवर. आमच्या धंद्यातले लोकही इथे गोंधळतात. निवेदिकेने हे छान सोडवून सांगितलंय.

चौथा भाग सर्वांत रंगलाय. अमेरिकी परराष्ट्रमंत्री किसिंजर म्हणत, दबाव पडद्याआडून आणू. सोव्हिएत सरकारचे टीकाकार शास्त्रज्ञ सखारोव मात्र मॉस्कोत राहून १९७३ मध्ये अमेरिकी काँग्रेसला खुलं पत्र लिहितात, दुरुस्ती मंजूर करा! ३ जानेवारी १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली आणि त्याच महिन्यात मॉस्कोने व्यापारकरार झिडकारला. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते, १९७५ मध्ये जेमतेम १३ हजार.

'कायदा फसला', निवेदिकेचा निकाल. मला नाही पटला. रुमानियाला सवलत मिळाली होती, दरवर्षी नूतनीकरणाच्या अटीवर. १९८२ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कूने तसाच शिक्षणकर काढला. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन सवलत काढून घ्यायला निघाले, तेव्हा त्याने तो कर गुंडाळला. चाउशेस्कूकडे गमवायला काहीतरी होतं. मॉस्कोच्या हातात काय दिलं होतं? कोर्समध्ये रुमानियाला दोन मिनिटं!

मराठी उपशीर्षकं यांत्रिक आहेत. 'वेव्हर'चं, म्हणजे अट माफ करण्याच्या सवलतीचं, 'लाट' केलंय, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष दरवर्षी लाट मंजूर करतात.

आणि शेवट २०१२ वर, मॅग्नित्स्की कायद्यासोबत (मानवी हक्क तुडवणाऱ्या रशियन अधिकाऱ्यांवर निर्बंध घालणारा अमेरिकी कायदा) रशियापुरती ही अट उठते तिथे. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशिया आणि बेलारूस पुन्हा दुसऱ्या रकान्यात गेले, त्याचा उल्लेखच नाही. वर 'अद्ययावत' असा शिक्का.

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला एक निव्वळ त्या रकान्याच्या खुलाशासाठी.