पिकअपचा एसी मे महिन्यात हात टेकतो

रावेरहून केळी भरून नागपूरला जातो, मागच्या वर्षी एसीवाली पिकअप घेतली, इंजिन दणकट आहे, लोड मस्त ओढते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एसी! अकोल्याच्या पुढे ४४-४५ डिग्रीत दुपारी १ वाजता फुल फॅन लावला तरी नुसतं कोमट वारं येतं. गाडी पळत असते तोवर जरा बरं, टोल नाक्यावर किंवा ट्रॅफिकमध्ये थांबलं की संपलंच, कारण उभ्या गाडीत कंडेन्सरला (एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी) हवा कमी मिळते आणि कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) पण हळू फिरतो. सर्व्हिस सेंटरवाले दोनदा गॅस भरून पैसे घेऊन मोकळे झाले, फरक शून्य. शेवटी गावातल्या एसी मेकॅनिकने कंडेन्सर उघडून दाखवला, धूळ आणि भुसा गच्च! पाण्याने हलक्या प्रेशरने धुतला, फॅनची वायर ढिली होती ती पण बसवली, तेव्हा कुठे जीव आला. आता सुरुवातीला काचा खाली करून गरम हवा काढतो, मग आतली हवा फिरवायचं बटण लावतो. तरी भर दुपारी कमीच पडतो. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्या ड्रायव्हरचा विचार कंपनीने करायलाच पाहिजे होता. ५ पैकी ३ स्टार.