निळे-गुलाबी टेट्रा घेताय? आधी हे वाचा

'ब्लूबेरी', 'स्ट्रॉबेरी', 'कलर विडो' अशा गोळ्या-बिस्किटांना शोभणाऱ्या नावांनी विकले जाणारे टेट्रा (टाकीत पाळायचे छोटे मासे) ही वेगळी जात नव्हे. तो साधा ब्लॅक विडो टेट्राच. त्याची पांढरी पैदास घेऊन तिला सुईने रंग टोचतात, नाहीतर रसायनाने अंगावरचा बुळबुळीत थर उतरवून मासे रंगाच्या पाण्यात बुडवतात. विकणारा मात्र ठामपणे सांगतो, 'जन्मतःच असे असतात.'

तो थर जंतूंना अडवणारा. तो गेला, की नव्या टाकीत आल्यावर थोड्याच दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येतात, पर झिजतात. जे तगतात त्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'तुमचं पाणी खराब.' हे उत्तर नेहमीच खोटं नसतं, फसवणूक पचते ती यामुळेच. नवीन टाकीचा फिल्टर मुरायला, म्हणजे त्यात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला, ४ ते ६ आठवडे लागतात; त्याआधी मासे सोडले तर अमोनियानेच मरतील. म्हणून टेस्ट किटने पाणी तपासा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. अमोनिया ०, नायट्राइट ०, तापमान २४ ते २६ अंश असूनही मासा पांढरा पडत असेल, तर दोष पाण्याचा नाही.

घेण्याआधी दुकानातला गुलाबी-निळा दिवा बंद करून पांढऱ्या उजेडात मासे पाहा. टोचलेला रंग बहुधा पाठीजवळ डागांसारखा, दोन्ही बाजूंना असमान दिसतो. 'हे ग्लोफिश आहेत' असं कुणी म्हणालं, तर लक्षात ठेवा, ग्लोफिशचा रंग जनुकांतून येतो, तो असा उतरून मासा पांढरा पडत नाही.

आकाराचीही थाप असते. दुकानात ३ सेंटिमीटरचा दिसणारा विडो ५-६ सेंटिमीटरचा होतो आणि एकटा-दुकटा ठेवला तर इतरांचे लांब पर कुरतडतो. सहाचा थवा आणि ६० सेंटिमीटर लांबीची टाकी, यापेक्षा कमी नको.

निऑन टेट्रा हा कार्डिनल टेट्रा म्हणून खपवण्याची युक्ती तर जुनीच. कार्डिनलचा लाल पट्टा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जातो, निऑनचा पोटाच्या मध्यावर सुरू होतो.

रंगवलेले मासे आधीच आणले असतील तर टाकून देऊ नका. दर आठवड्याला टाकीतलं २५ टक्के पाणी काढून तेवढंच क्लोरीन काढलेलं नवं पाणी घाला; रंग गेल्यावरही विडो कित्येक वर्षं जगतो.