तारा बुक्स: हाताला लागणारी चित्रं

चेन्नईच्या 'तारा बुक्स' या प्रकाशनाचं हातानं छापलेलं पुस्तक उघडलं की चित्राआधी शाईचा वास येतो. तो बरेच दिवस टिकतो. सोसत नसेल तर पुस्तक उघडून पंख्याखाली ठेवा.

गीता वुल्फ यांनी १९९४ मध्ये ही संस्था सुरू केली. इंद्रप्रमित रॉय यांच्या वारली वळणाच्या चित्रांचं 'द व्हेरी हंग्री लायन' हे सुरुवातीच्या हातछपाईतलं. नाव मात्र झालं ते 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'मुळे (२००६). भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं, तीही काळ्या हातकागदावर. २००८ मध्ये याला इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला.

खरी मेख या काळ्या कागदात आहे. ऑफसेटची, म्हणजे नेहमीच्या यंत्रछपाईची, शाई पातळ, पारदर्शक. काळ्यावर ती बुडून जाते. ताराची हातछपाई स्क्रीनची; स्क्रीन म्हणजे चौकटीत ताणलेली जाळी. तिच्यातून रबरी पट्टीनं ओढलेली शाई जाड बसते आणि कागद झाकते. पानावरून हलकेच बोट फिरवा, गोंडांची एकेक बारीक रेघ उठावाची लागते. पण दर रंगाला वेगळा स्क्रीन, आणि पहिला रंग सुकल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. मधल्या वेळात दमट हवेनं कागद जरा जरी फुगला तरी रजिस्टर हलतं, म्हणजे रंग रेघेबाहेर सरकतो. केसभर सरकला असेल तर तक्रार करू नये. हातछपाईच्या दोन प्रती तंतोतंत जुळत नाहीतच. चित्र दुहेरी दिसत असेल, शाई फासली असेल किंवा शिवणीचा दोरा सैल असेल, तर मात्र प्रत बदलून मागावी.

घेताना एक बघा: ताराची सगळीच पुस्तकं हातची नसतात, ऑफसेटचीही बरीच आहेत. भिंगाखाली रंगात ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट. रंग सलग दिसला तर बहुधा स्क्रीन.

प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, ओल कोंडून बुरशी धरते. वर जड पुस्तकांची चळतही नको, उकाड्यात जाड शाई समोरच्या पानाला चिकटू शकते. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटकावी, ओलं फडकं लावूच नये.

दुकानवाले ही पुस्तकं सर्रास मुलांच्या फळीवर मांडतात. हातकागदाला वर लेप नसतो. चिवड्याचं तेलकट बोट लागलं की तेल आत मुरतं आणि निघत नाही. लहान मुलांसोबत बघताना पानं मोठ्यांनीच उलटावीत.